विशारद झाले, साथीला कोण बसणार? नाशिकच्या एका ऑर्गनवादक शिक्षकाचे प्रकरण

नाशिकमध्ये पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, क्लास पुष्कळ आहेत. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठेही चौकशी करा, दोन गल्ल्यांआड एखादी पाटी सापडतेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या संगीत परीक्षांना दरवर्षी मुलं बसतात आणि चांगल्या गुणांनी पास होतात. तरीही दिवाळी जवळ आली की गाण्याचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांची धावपळ सुरू होते, कारण साथीला बसेल असा पेटीवाला मिळत नाही. फिरून फिरून त्याच चार-पाच जणांना फोन जातात, आणि ते तरी एका पहाटे तीन ठिकाणी कसे बसणार? कार्यक्रम नाट्यगीतांचा असेल आणि पायांनी भाता चालवायचा ऑर्गन हवा असेल, तर विचारायलाच नको.

ही टंचाई कशी तयार होते आणि एका शिक्षकाने ती आपल्या क्लासपुरती कशी सोडवायला घेतली, त्याचे हे प्रकरण. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव देत नाही. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणतो. विद्यार्थ्यांचीही नावे नाहीत. मी त्यांच्या घरी ऐकायला जाणाऱ्यांपैकी एक आहे, शहरातल्या लहानसहान बैठकी ठरवण्यात माझा हात असतो. त्यामुळे या प्रकरणात मला मत आहे, आणि ते जिथे येईल तिथे मांडले आहे.

सर कसे घडले

सरांचे वय साठीच्या पुढे. बालपण पंचवटीत. वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटीला बसायचे. मुलाला त्यांनी सरगम कधी शिकवली नाही. त्यांचा धडा एकच होता: "चाल सोडू नकोस आणि बुवांच्या तोंडाकडे बघत राहा." बुवा कधी अभंगाचा चरण दोनदा घेतील, कधी मधेच वरच्या पट्टीत जातील, कधी टाळकऱ्यांकडे हात करून थांबतील. पेटीवाल्याने बोटांकडे बघितले की तो चुकलाच. सरांची नजर पट्ट्यांवरून उठली ती तेव्हा, आणि आजही वाजवताना ते हाताकडे बघत नाहीत.

शाळा संपल्यावर मुंबईची शिकवणी सुरू झाली. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ साली सुरू झाली आणि नाशिकच्या माणसाला सकाळी निघून मुंबईत काम उरकून रात्री घरी परतणे शक्य झाले. सर सुट्टीच्या दिवशी त्या गाडीने गिरगावात गुरुजींकडे जायचे. गुरुजी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करणारे. साहित्य संघ मंदिरात प्रयोग असला की शिष्याला शेजारी स्टुलावर बसवायचे. वाजवायला द्यायचे नाहीत. शिष्याने पदे तोंडपाठ करायची, कोणता नट कोणत्या पट्टीत गातो ते वहीत टिपायचे, आणि संवाद कुठल्या शब्दावर संपला की सूर द्यायचा याची खूण करून ठेवायची. सरांची ती वही मी पाहिली आहे. तिच्यात नोटेशन जवळजवळ नाहीच. पानोपानी पदाची ओळ, तिच्या पुढे "काळी दोन" (म्हणजे गायकाचा सा दुसऱ्या काळ्या पट्टीवर), आणि ओळीत मधेमधे उभ्या रेघा. गायक जिथे श्वास घेतो तिथे ती रेघ.

पुढे नाशिकमध्येच एका शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी लागली. नोकरीवर घर चालले. संध्याकाळी क्लास, रात्री प्रयोग आणि मैफली. कालिदास कलामंदिरात संगीत नाटक आले आणि कंपनीचा ऑर्गनवाला आजारी असला, तर बोलावणे सरांना. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत मध्यंतरानंतर स्वतंत्र ऑर्गनवादनाला त्यांना अर्धा तास देण्याची पद्धत पडली, आणि तेवढ्यासाठी येणारे श्रोते होते. मीही त्यांतलाच. पण स्वतः सर या अर्ध्या तासाला फारसे मोजत नाहीत. "तो माझा लाड होता," म्हणतात. कामाचा हिशेब ते साथीत करतात.

ऑर्गनची परंपरा, थोडक्यात

ज्यांनी संगीत नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हे सांगणे भाग आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी नाटकाला गाणे कायमचे चिकटले. साथीला आधी सारंगी होती, पुढे पेटी आली, आणि बालगंधर्वांच्या काळात ऑर्गनने नाटकाच्या गाण्याला त्याचा आजचा भरदार नाद दिला. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक १९११च्या 'मानापमान'ला चाली देतो, हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनवर साथ करतात, पुढच्या पिढीत गोविंदराव पटवर्धन पेटी आणि ऑर्गन दोन्हींवर नाट्यसंगीत पेलून धरतात: ही सगळी माणसे पहिल्यांदा ऐकणारी होती, मग वाजवणारी. ज्या काळात ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले होते (१९४० ते १९७१), त्या काळात मराठी पेटीवाल्याला नाटक आणि भजन या दोन ठिकाणी हक्काचा ओटा होता. आपल्याकडे साथीची परंपरा तुटली नाही याचे एक कारण हे असावे, असे मला वाटते.

नाशिकचे आणि संगीत नाटकाचे नाते तर इतिहासाच्या पुस्तकातच आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी. वसंत कानेटकर नाशिकला राहून लिहीत होते, आणि त्यांच्या 'मत्स्यगंधा'ने जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह १९६४ साली संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली. आणि ज्या परीक्षांबद्दल मी पुढे बोलणार आहे, त्यांचे मूळ पुरुष विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात काढली. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळाची स्थापना केली. या शहरात परीक्षा आणि रंगभूमी, दोन्हींच्या खुणा पायी फिरून बघता येतात. सरांच्या क्लासमध्ये मात्र त्या दोन्हींची गाठ बरीच वर्षे पडली नव्हती.

पाडव्याची पहाट

प्रकरणाला तोंड फुटले ते एका दिवाळीत. पाडव्याच्या पहाटे सरांना तीन बोलावणी होती. एक त्यांनी घेतले, एक नाकारले आणि तिसऱ्या ठिकाणी आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी पाठवली. विशारद पूर्ण, प्रथम श्रेणी. यमन असो की भैरव, तिचे स्वतंत्र वादन नीटनेटके. बोटे तयार, द्रुत गतीतल्या ताना स्वच्छ. कार्यक्रम सोसायटीच्या आवारातला, दीडशे-दोनशे श्रोते, गायिका अनुभवी, पुण्याहून आलेली.

मी त्या कार्यक्रमाला होतो. पहिल्या पदालाच गायिकेने सांगितले, "काळी चार." मुलीने स्केल चेंजरचा मुखपट (सगळ्या पट्ट्या एकदम सरकवून सा बदलण्याची सोय) सरकवला आणि काळी एकच्या बोटांनी वाजवायला घेतले. इथपर्यंत ठीक. दुसऱ्या पदाआधी गायिकेला घशाचा अंदाज आला आणि ती म्हणाली, "अर्धा सूर खाली घेऊ या, पांढरी पाच." मुखपट थंडीने की गडबडीने अडकला. मुलीला मुखपट न सरकवता पांढरी पाचवरून वाजवणे येत नव्हते. तिने जोर लावला, पट्टी एक घर जास्त खाली गेली, आणि गायिकेने तोंड उघडले तेव्हा पेटी दुसरीकडे आणि गाणे तिसरीकडे.

हे सावरले. खरे बिनसले ते त्यानंतर. गायिका एका शब्दावर रेंगाळली. नाट्यगीतात हेच तर असते, एकच शब्द चार अंगांनी वळवायचा आणि श्रोत्याला ताटकळत ठेवून मग मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, पकडायचा. मुलीला ठेका पाठ होता, समही (तालाची पहिली मात्रा) पाठ होती, आणि तालाचे आवर्तन संपत आले म्हणून तिने मुखडा वाजवून टाकला. गायिका अजून त्या शब्दावरच. तबलजीने मान वर केली. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. शिवाय पेटीचे सगळे सूर उघडे, भाता जोरात, गायिकेचा बारीक आवाज त्याखाली दबलेला. दोन ओळींच्या मधल्या जागेत मुलीने तान भरली. तान सुंदर होती आणि तिथे नको होती. गायिकेने माइक जरा बाजूला करून हळूच सांगितले, "बाळ, तू थांब. मी म्हणेन तेव्हा नुसता सा दे." उरलेला कार्यक्रम मुलगी सा धरून बसली. डोळे भरलेले होते.

पुढच्या आठवड्यात काही लोकांनी सरांना सांगितले की पोरगी कच्ची निघाली. सरांनी ते कुणाचे ऐकून घेतले नाही. "ती कच्ची नाही. तिला जे शिकवलं ते तिने चोख केलं. शिकवलं ते मी," एवढेच म्हणाले. ते क्लासची वही काढून बसले आणि विशारदपर्यंत गेलेल्या मुलांची नावे वाचली. त्यांतला एकही गाणाऱ्याशेजारी नियमित बसलेला नव्हता.

साथीला काय लागते

परीक्षांवर दोष ढकलणे सोपे आहे आणि मला ते पटत नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या पायऱ्यांनी घरात गाण्याचा गंध नसलेल्या हजारो मुलांना रागाची ओळख करून दिली आहे. पण पेटीच्या परीक्षेत मुलगा एकटा बसतो. राग त्याने निवडायचा, पट्टी त्याची, लय त्याची, थांबायचे कुठे हेही त्याच्याच हातात. सोबत तबला असतो आणि तबला त्याच्या मागून येतो. साथीत हे सगळे उलटते. पट्टी दुसऱ्याची, लय दुसऱ्याची, श्वास दुसऱ्याचा.

एक गोष्ट जवळून सांगतो. पेटीचे सप्तक बारा समान भागांत जुळवलेले असते. गाणारा तानपुऱ्याला धरून जो शुद्ध गंधार लावतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भागांनी. ऐकायला लहान वाटते, पण गायक गंधारावर न्यास करून, म्हणजे ठरून, उभा असताना पेटीवाल्याने तोच गंधार दाबून धरला तर दोन सूर एकमेकांना घासतात आणि गायकाला वाटते आपणच बेसूर झालो. काही वादक यासाठी गंधार खास जुळवून घेतात, पण मग ती पेटी एकाच पट्टीची होऊन बसते. सर काय करतात? गायक गंधारावर थांबला की त्यांचे बोट गंधारावरून उठते. खाली सा आणि पंचम राहतो. गायक हलला की ते पुन्हा सोबत येतात. हे कुठल्याही वहीत लिहिलेले नाही आणि एकट्याने कितीही रियाझ केला तरी कळत नाही, कारण एकट्याला तो घर्षणाचा अनुभवच येत नाही.

ऑर्गनवर आणखी वेगळी जबाबदारी असते. पेटीत भात्याने हवा बाहेर फुंकली जाते. परदेशी ऑर्गनमध्ये ती सुरांमधून (पितळी जिभांमधून) आत ओढली जाते, म्हणून नाद गोल आणि मऊ. दोन्ही पाय भाता चालवतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे: उजवा गायकामागे, डावा खर्जात आधार धरून. गुडघ्याजवळ एक पट्टी असते, ती बाहेर ढकलली की आवाज उघडतो, सोडली की मिटतो. नाटकात ऑर्गनवाला रंगमंचाकडे तोंड करून खाली बसतो, नटाच्या हातात तानपुरा नसतो, संवाद संपता संपता सूर कानावर पडला पाहिजे. अर्धा क्षण आधी दिला तर संवाद मरतो, उशिरा दिला तर नट अंदाजाने उचलतो आणि मग सगळे पद तिरके जाते. आणि ऑर्गनला मुखपट सरकवण्याची सोय नाही. बारा पट्ट्या बोटांत असाव्या लागतात.

शनिवारचा तास

सरांनी पहिले काम केले ते स्केल चेंजरला कुलूप लावण्याचे. क्लासमधल्या दोन स्केल चेंजर पेट्या कपाटात गेल्या, साध्या पेट्या बाहेर आल्या. दर आठवड्याला फळ्यावर एक पट्टी लिहायची आणि त्या आठवड्यात सगळे त्याच पट्टीतून वाजवणार. काळी तीनच्या आठवड्याला मुलांनी हाय खाल्ली.

दुसरे, इंदिरानगरमध्ये गाणे शिकवणाऱ्या एका बाईंशी त्यांनी बोलणे केले. शनिवारी संध्याकाळी बाईंच्या विद्यार्थिनी सरांकडे येणार, प्रत्येकीला एक पेटीवाला मिळणार. पेटीवाला गायिकेच्या डाव्या हाताला बसेल, नजर तिच्या चेहऱ्यावर. आणि पहिले कित्येक शनिवार कोणी चाल वाजवायचीच नाही. फक्त सा धरायचा, गाणारी श्वास घेईल तिथे भाता हलका करायचा, ती पुन्हा सुरू झाली की मोकळा करायचा. विशारद झालेल्या मुलांना हा अपमान वाटला. त्या पाडव्याच्या पहाटेच्या मुलीला वाटला नाही. ती पहिल्या शनिवारपासून आली.

त्यानंतर भरणा. दोन ओळींच्या मधली जागा भरायची, पण गाणारीने नुकतेच जे म्हटले त्यातलेच काहीतरी परत देऊन, स्वतःचे नवे काही न आणता. सरांची अट कडक होती: पद आधी स्वतः गाऊन दाखवायचे, शब्दांसकट. ज्याला शब्द पाठ नाहीत त्याने पेटी उघडायची नाही. कारण शब्द कुठे तुटतो हे ज्याला माहीत नाही, तो शब्दाच्या पोटात बोट घालणारच.

या तासाला अनपेक्षित बळ आले ते अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम करणाऱ्या एका तरुणाकडून. तो सिडकोतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा, पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरला जायचा. परीक्षा एकही दिलेली नव्हती. रागाचे नाव विचारले तर लाजायचा. पण पहिल्याच शनिवारी गाणारी मुलगी अंतरा विसरली आणि मुखड्याकडे परतली, तेव्हा बाकीचे अंतऱ्यात अडकले आणि हा एकटा तिच्याबरोबर मुखड्यावर होता. सरांनी विचारले, "कसं कळलं रे?" तो म्हणाला, "सर, तिने डोळे वर केले ना. आमचे बुवा पण विसरले की असंच करतात."

सरांना तिथे वडील आठवले असणार, पण ते तसे काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारपासून त्यांनी भजनी मंडळांतल्या आणखी काही पेटीवाल्यांना बोलावले, फी न घेता. रागदारी येणारे एका बाजूला, ऐकता येणारे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना एकमेकांकडून काय घ्यायचे ते ढळढळीत समोर दिसत होते. माझ्या मते या सगळ्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा निर्णय हा आहे. आपण शहरात साथीदार नाहीत म्हणून ओरडतो, आणि ते दर एकादशीला आपल्या वाड्याच्या पलीकडच्या देवळात वाजवत असतात.

पैसे, पालक आणि एक वर्ष

दुसऱ्या बाजूला क्लासची बॅच निम्म्यावर आली. कारण उघड होते. सरांनी ठरवले की जो शनिवारी येत नाही त्याचा पुढचा परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही. एका वडिलांनी अगदी आदराने विचारले, "सर, दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात म्हणून तर घातलंय. साथीचं नंतर बघू की." सरांनी विचारले, "नंतर म्हणजे कधी?" वडिलांकडे उत्तर नव्हते, पण दुसऱ्या क्लासचा पत्ता होता.

घरात काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, हिशेब मांडला. क्लासची खोली भाड्याची आहे, पेन्शन बेताची. "पोरं गेली तर चालेल हो तुम्हाला, घरमालकाला चालणार नाही," असे त्या मला सरांच्या समोरच म्हणाल्या, आणि त्यांचे चुकत नव्हते. ते वर्ष त्यांनी घरच्या घरी लहान मुलांना सुगम संगीत शिकवून ओढले.

इथे मला सरांशी सहमत होता येत नाही. फॉर्म अडवणे ही शिक्षा मुलांच्या वाट्याला आली. दोन मुली त्यामुळे वर्षभर मागे राहिल्या, आणि त्यांतली एक तर शनिवारी येत नव्हती ती घरी आजीला सांभाळायचे होते म्हणून. शनिवारचा तास इतका चांगला होता की त्याच्यामागे सक्तीचा दंडुका उभा करायची गरज नव्हती. मी हे त्यांना सांगितले. त्यांनी लगेच मान्य केले नाही, पण पुढच्या सत्रात अट काढली. आता फॉर्म सर्वांचे भरले जातात, शनिवार ऐच्छिक आहे. येणारे थोडे आहेत, आणि जे येतात ते टिकतात.

ऑर्गन

सरांचा स्वतःचा ऑर्गन देवळाली कॅम्पमधल्या एका जुन्या पारशी बंगल्यातून आलेला. घर आवरायला काढले होते, वाद्य व्हरांड्यात होते, अमेरिकन बनावटीचे. तरुणपणी नोकरीच्या पहिल्या पगारांतून हप्त्याने घेतले आणि टेम्पोत गाद्या घालून आणले. शनिवारच्या वर्गातून तीन जण साथीत जरा उभे राहिल्यावर सरांनी त्यांना ऑर्गनवर बसवायचे ठरवले, आणि तेव्हा कळले की तो त्यांच्यासारख्या नवख्यांना वाजवताच येत नाही. सर स्वतः सवयीने जास्त पाय मारून वेळ निभावून नेत होते. भाता गळत होता, मधल्या सप्तकातला मध्यम मुका, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या.

दुरुस्तीला माणूस मिळणे हेच अवघड. पेटी दुरुस्त करणारे आहेत, पण आतल्या बाजूला हवा ओढणारे वाद्य त्यांनी उघडलेले नसते. शेवटी सर आणि तो सीएनसीवाला, दोघांनी रविवारी मागची फळी काढली. मुका मध्यम सोपा निघाला. पितळी जीभ आणि चौकट यांच्यात धुळीचा कण अडकला होता. सूर, म्हणजे ती जीभ चौकटीसकट, आकड्याने बाहेर ओढला, पातळ कागद जिभेखालून सरकवला, परत बसवला, बोलू लागला. शेजारचा धैवत उतरला होता. जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. हे माहीत असूनही कानस हातात घेतल्यावर सरांचा हात थांबला. तसा सूर आज पुन्हा मिळणार नाही, पालिताण्याहून पेटीचे सूर मागवता येतील, पण या वाद्याचे नाहीत. त्यांनी कानस त्या तरुणाच्या हातात दिली. "तुझा हात मायक्रॉनचा आहे. दोनदा घास, मग ऐक. पुन्हा दोनदा, मग ऐक." दुपार त्या एका धैवतात गेली. भात्याचे रबरी कापड मात्र सगळेच जीर्ण झाले होते. ते त्याने कंपनीच्या ओळखीतून मिळवले आणि नंतर चार रविवार घालून बदलले. आता लहान मुलाच्या पायांनीही ऑर्गन श्वास धरतो.

पुढे काय झाले

पहिल्या प्रसंगानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत त्याच मुलीने नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला ऑर्गनची साथ केली. गायक दुसरे होते, पट्टी काळी एक, पुढे पांढरी दोन, भैरवीला पांढरी एक. ती बदलत्या पट्टीबरोबर सहज सरकली. उत्तरार्धात गायकांनी एका जागी मुखडा इतका लांबवला की तबलजीही हसू लागला. तिने डावा हात खर्जावर ठेवला, उजवा उचलून घेतला आणि वाट बघितली. मुखडा आला तेव्हा ती तिथे होती. काही जागी अजून घाई होते, वरच्या सप्तकात ऑर्गन थोडा मोठा वाजतो. सरांनी त्या दोन्ही गोष्टी तिला घरी येईपर्यंत सांगितल्या नाहीत, यातही एक शिक्षण आहे असे मी समजतो.

तो सीएनसीवाला तरुण आता नाशिकरोड आणि सिडकोतल्या कार्यक्रमांना पेटीवर बसतो, आणि मध्यमा परीक्षेची तयारी करतो. त्याला रागांची नावे हवी आहेत. तिसरा मुलगा पुण्याला नोकरीला गेला. म्हणजे ऑर्गनवर साथीला बसणारी, सर धरून, शहरात दोन माणसे. आकडा लहान आहे, आणि संगीत नाटकाचे प्रयोगच वर्षाला मोजके होत असताना तो फार वाढेल असे मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट आयोजकांच्या हातात आहे, आणि त्याबद्दल मी स्पष्ट लिहितो, कारण मीही त्यांच्यातच मोडतो. साथीदाराला आपण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फोन करतो. कोणती पदे, कोणती पट्टी, काही सांगत नाही. गायकाचे मानधन आधी ठरते, साथीदाराचे कार्यक्रम संपल्यावर पाकिटात, किती ते उघडल्यावर कळते. त्या पहिल्या पाडव्याला मुलीला गायिकेबरोबर आदल्या दिवशी एक तास बसायला मिळाले असते, तर मुखपटाची वेळच आली नसती. घर सोडून या धंद्यात यायचे की नाही हे तरुण वादक ठरवतो तेव्हा तो रागांचा विचार करत नाही. त्या पाकिटाचा करतो.

सरांनी आता आपल्या विद्यार्थ्यांच्या वतीने तीन अटी कागदावर लिहून ठेवल्या आहेत: पदांची यादी आणि पट्ट्या आठ दिवस आधी, आदल्या दिवशी गायकाबरोबर एक बैठक (तिचे मानधन वेगळे), आणि कार्यक्रमाचे मानधन आधी ठरलेले. यंदा दोन संस्थांनी हा कागद मान्य केला. एका संस्थेने बैठकीचे पैसे परवडत नाहीत म्हणून ट्रॅक लावून कार्यक्रम केला. त्या संस्थेशी पुढच्या वर्षासाठी पुन्हा बोलणे काढायचे आहे, आणि ते काम काकूंनी माझ्याकडे दिले आहे.